तीन लिप्यांची पाटी

रेल्वे स्थानकावरची पाटी वाचनासाठी असते असे कोणी मानत नाही. ती उतरणाऱ्याची सोय असते, आणि रोजच्या प्रवाशाला तर तेवढीही तिची गरज नसते. मुंबईच्या लोकलमध्ये निम्मे आयुष्य घालवलेला माणूस रुळांच्या बदललेल्या आवाजावरून आणि दाराशी सुरू झालेल्या चुळबुळीवरून, डोळे न उघडता आपले स्थानक ओळखतो. मीही त्यांतलाच एक. मुलुंड ते दादर हा प्रवास मी तीस वर्षे केला. पण वाटेतल्या एखाद्या पाटीवरचे अक्षर थांबून पाहिल्याचे मला आठवत नाही. ज्या पाटीने मला अक्षराकडे पाहायला लावले ती मुंबईपासून हजारावर किलोमीटर दूर, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या कुंभकोणम् स्थानकात आहे. पिवळ्या फळीवर काळ्या अक्षरांत तेच नाव तीन वेळा लिहिलेले : वर तमिळ, मध्ये देवनागरी, खाली रोमन.

त्या पाटीखाली मी पहिल्यांदा उभा राहिलो तो १९९१ च्या डिसेंबरात. माझे वय तेव्हा एकतीस होते. आरंभीच्या मराठी नाटकावरचा माझा प्रबंध नुकताच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला होता आणि एखाद-दुसऱ्या परीक्षणात त्याचे बरे स्वागतही झाले होते. विष्णुदास भावे यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’पासून मराठी रंगभूमीची गणना करण्याची आपली परंपरा, तिच्या आधी दीडशे वर्षे तंजावरच्या भोसले राजांनी मराठी नाटके लिहिली होती, हे मी अर्थातच नमूद केले होते. पण त्या नाटकांची बोळवण मी एका वाक्यात केली होती. ते वाक्य असे : ‘तंजावरचे नाटक ही मूळ प्रवाहापासून तुटलेल्या भाषेने केलेली दरबारी करमणूक होय.’ वाक्य सुबक होते, आणि त्याचा मला अभिमान होता. हस्तलिखिते मात्र मी पाहिली नव्हती. छापील संहितांवरच भागवले होते. ती उणीव मनाला लागून राहिली होती, म्हणून नाताळच्या सुट्टीला रजेची जोड देऊन मी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात काही पाठ ताडून पाहायला निघालो.

मुक्काम कुंभकोणमला होता. आमच्या महाविद्यालयातल्या एका तमिळ स्नेह्यांचे वडिलार्जित घर तेथे शारंगपाणी मंदिराच्या परिसरात होते. ज्या गल्लीत गणितज्ञ रामानुजन यांचे बालपण गेले, ती तेथून हाकेच्या अंतरावर. रोज सकाळी मी घरातून निघे, महामहम् तळ्याच्या काठाने स्थानकावर येई आणि तंजावरची पॅसेंजर पकडी. अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. लोहमार्ग तेव्हा मीटर गेजचा होता. डबे अरुंद, बाके लाकडी, आणि गाडीची चाल अशी की खिडकीतून दिसणाऱ्या भातखाचरातला बगळा उडेपर्यंत तो डोळ्यांसमोर राही. दारासुरम, स्वामीमलै, पापनाशम, अय्यमपेट्टै अशी लहान लहान स्थानके घेत, कावेरीच्या फाट्यांवरचे पूल ओलांडत ती गाडी सव्वा तासाने तंजावरला पोचे.

ती शहराची उपनगरी गाडी नव्हती. पण डब्यातली माणसे मला ओळखीची वाटली. रोज त्याच डब्यात, त्याच खिडकीशी बसणारी. एकमेकांची नावे ठाऊक नसली तरी एकमेकांची दुखणी ठाऊक असणारी. कचेऱ्यांतले कारकून, डब्यांच्या पिशव्या सांभाळणाऱ्या शिक्षिका, ओल्या फडक्यात गुंडाळलेली विड्याची पाने घेऊन निघालेले व्यापारी, दारासुरमचे रेशीम विणणारे. दुसऱ्याच दिवशी माझी फजिती झाली. समोरच्या दोन बायका आपसांत जे बोलत होत्या त्यातले काही शब्द माझ्या कानाला मराठीसारखे लागले, आणि मी मोठ्या आनंदाने त्यांच्याशी मराठीत बोलू लागलो. त्या हसू लागल्या. ती सौराष्ट्री होती : शतकांपूर्वी पश्चिमेकडून दक्षिणेत उतरलेल्या विणकरांची भाषा. गुजराती-मराठीशी तिचे नाते आहे, पण ती आपली नव्हे. भाषेच्या अभ्यासकाने इतक्या घाईने नाते लावू नये, असे स्वतःला बजावून मी वहीत डोके घातले.

तीन-चार दिवसांनी, आदल्या दिवशी ग्रंथालयात उतरवून घेतलेला एक संवाद मी खिडकीशी बसून अर्ध्या आवाजात वाचत होतो. पाठभेद कानाला अधिक नेमके कळतात, अशी माझी समजूत आहे. तेवढ्यात शेजारून आवाज आला, ‘‘थोडं मोठ्यानं वाचा की. गाडीच्या आवाजात अर्धं जातं.’’

मी चमकून पाहिले. पन्नाशीच्या एक बाई होत्या. जाड काठाची सुती साडी, केसांत मोगऱ्याची वेणी, मांडीवर जेवणाचा डबा. डब्यातली सगळी मंडळी त्यांना अक्का म्हणत. पुढे मीही म्हणू लागलो. तंजावरच्या एका कचेरीत त्या तमिळ टंकलेखनाचे काम करीत. गावातले लोक त्यांच्या घराला ‘रायर’ म्हणजे रावांचे घर म्हणत. त्यांचे बोलणे मी येथे माझ्या मराठीत देत आहे. त्यांचे क्रियापदांचे जुने वळण आणि वाक्याच्या शेवटी चढणारा तमिळ हेल मला ऐकू येतो, पण लिहिता येत नाही.

‘‘तुम्ही कुठले?’’ त्यांनी विचारले.

‘‘मुंबईचा.’’

‘‘म्हणजे तुमच्याकडं रस्त्यावरसुद्धा मराठीच चालते?’’

‘‘चालते,’’ मी म्हणालो. आणि मुंबईचे रस्ते आठवून पुस्ती जोडली, ‘‘नेहमी नाही.’’

‘‘आमची घरातच असते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘उंबऱ्याबाहेर पडलं की तमिळ. पण घरात गेली तीनशे वर्षं तीच.’’

तीनशे वर्षे हा आकडा त्यांनी अंदाजाने सांगितला असेल. इतिहासाशी तो जुळतो. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला राज्य स्थापिले. त्यांच्यामागून कारभारी, कीर्तनकार, शास्त्री, हिशेबनीस अशी कुटुंबे कावेरीकाठी आली. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी निपुत्रिक वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले. कुटुंबे मात्र राहिली. त्यांतले कर्तृत्व पुढे दूरवर गेले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ मध्ये याच कुंभकोणमला जन्मले. बडोद्यात त्यांचे नाव आदराने घेणाऱ्या मराठी माणसाला हे गाव क्वचितच आठवते.

त्या दिवसापासून आमचा नेम ठरून गेला. मी वाचायचे, अक्कांनी ऐकायचे. दोन दिवसांत ‘तुम्ही’चा ‘तू’ झाला. मी वाचत होतो ते शहाजी राजांचे ‘पंचभाषाविलास’. १६८४ ते १७१२ हा या शहाजींचा राज्यकाल. या नाटकात तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषा नांदतात. निरनिराळ्या देशांच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात. माझ्या ग्रंथात मी याच नाटकाकडे बोट दाखवून ‘दरबारी करमणूक’ हे शब्द लिहिले होते. पाच भाषांचा खेळ म्हणजे विद्वान राजाने विद्वान सभेपुढे केलेली चमत्कृती, अशी माझी खात्री होती. मी अक्कांनाही तसेच समजावून सांगितले.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘यात चमत्कार कसला रे?’’

मी काही बोलण्याआधीच त्यांनी नुसती मान फिरवून डबा दाखवला. दाराशी तिकीट तपासनीस आपल्या सहकाऱ्याशी तेलुगूत बोलत होता. त्या दोन विणकर बायकांची सौराष्ट्री चालू होती. कोपऱ्यात एक वृद्ध वैदिक ओठांतल्या ओठांत संस्कृत पुटपुटत होते. हिंदी प्रचार सभेच्या परीक्षेला बसलेली एक कॉलेजकन्या हिंदीचा धडा घोकत होती. फुलवालीशी अक्का स्वतः तमिळमध्ये घासाघीस करून नुकत्याच मोकळ्या झाल्या होत्या, आणि माझ्याशी मराठी बोलत होत्या. कोणाला त्याचे नवल नव्हते. कोणी कोणाला आपली भाषा दाखवीत नव्हते. जो तो आपले काम करीत होता.

मला तेव्हा जे उमगले ते मान्य करायला मला पुष्कळ वर्षे लागली. शहाजी राजांनी सभेपुढे चमत्कार मांडला नव्हता. त्यांच्या रस्त्यावर, घाटावर, देवळाच्या दारात जे रोज ऐकू येत होते, त्याला त्यांनी रंगमंचावर जागा दिली होती. एकभाषी प्रेक्षागृहात वाढलेल्या समीक्षकाला ती कसरत वाटली, हा नाटकाचा दोष नव्हता. ‘तुटलेला प्रवाह’ हा शब्दही मला त्या पुलांवरून जाताना बोचू लागला. त्या प्रदेशात कावेरी एकसंध वाहतच नाही. ती फुटते, फाट्याफाट्याने शेतांत शिरते, आणि तेथली भातशेती त्या फुटण्यावरच उभी आहे. तेथल्या शेतकऱ्याला त्यांतला एखादा फाटा दाखवून ‘ही तुटलेली नदी’ म्हटले असते, तर त्याने माझ्याकडे दयेने पाहिले असते.

एका संध्याकाळी परतीच्या गाडीतून आम्ही कुंभकोणमला उतरलो. पाटीपाशी थांबून मी उत्साहाने म्हणालो, ‘‘अक्का, मधली ओळ पाहा. ती आपली अक्षरे.’’

‘‘मला ती वाचता येत नाहीत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चित्रासारखी ओळखते. रोज बघते ना.’’

मला हे सुचलेच नव्हते. ज्यांच्या तोंडी तीनशे वर्षांची मराठी होती त्यांना मराठीचे एक अक्षर येत नव्हते. त्या तमिळ शाळेत शिकल्या. घरची गाणी, पाककृती, सणांची टाचणे हे सारे मराठी त्या तमिळ अक्षरांत लिहीत. त्यांच्या वडिलांना मात्र बाळबोध वाचता येई. मग त्यांनी एक आठवण सांगितली. १९५२ च्या ऑगस्टात द्रविड कळघमच्या कार्यकर्त्यांनी हिंदीच्या सक्तीविरुद्ध ठिकठिकाणच्या स्थानकांवरील पाट्यांवरची हिंदी अक्षरे डांबराने पुसली. अक्का तेव्हा शाळकरी होत्या. प्रवासात अशी एक पाटी पाहून वडील बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘माझ्या पोथीतली अक्षरंही हीच.’’

‘‘मग तुम्हांला राग आला?’’

‘‘राग कशाचा? ते त्यांच्या भाषेसाठी लढत होते. आमच्या अक्षरांवर डांबर कोणी फासलं नाही; ती आम्हीच विसरलो.’’

त्यांच्या स्वरात खंत फार नव्हती. मी मात्र रात्रभर अस्वस्थ होतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख मी त्याच आठवड्यात पाहिला होता. त्याच्यापुढे उभे राहून मला अभिमान वाटला होता. आपली भाषा येथवर पोचली होती याची ही खूण, असे मनात आले होते. आता वाटले, ‘होती’ हे क्रियापद मी कोठून आणले? शिलालेखाची अक्षरे वाचणारा मी होतो. पण ती भाषा जेथे जिवंत होती तेथे ती लिपीवाचून रोज आठ-दहाच्या दरम्यान लाकडी बाकावर बसून तंजावरला जात होती.

जानेवारीच्या अखेरीस मी परतलो. बारा वर्षांनी येणारा महामहम् उत्सव जवळ आला होता. तळ्याकाठच्या सोळा मंडपांची डागडुजी चालली होती, आणि स्थानकालाही रंग लागत होता. १८ फेब्रुवारी १९९२ रोजी त्या तळ्यावर चेंगराचेंगरी होऊन सुमारे पन्नास यात्रेकरू मृत्युमुखी पडल्याची बातमी मी मुंबईत वाचली. त्याच संध्याकाळी अक्कांना पोस्टकार्ड लिहिले. घाईत ते देवनागरीत लिहिले, आणि पेटीत टाकल्यावर चूक लक्षात आली.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. कार्डभर वळणदार तमिळ अक्षरे. एक अक्षर मला वाचता येईना.

मुंबईत अशा वेळी माणूस माटुंग्याला जातो. मी लोकलने माटुंग्याला उतरलो आणि पूर्वेच्या बाजूला आलो. त्या स्थानकाबाहेरचा भाग म्हणजे कावेरीकाठचाच एखादा तुकडा : केळीच्या पानांचे भारे, मोगरा-अबोलीच्या वेण्या, भाजलेल्या कॉफीचा वास. एका कॉफीपूड विकणाऱ्या वृद्ध दुकानदाराला मी कार्ड दिले. त्यांनी चष्मा लावला, दोन ओळी मनात वाचल्या आणि गोंधळून माझ्याकडे पाहिले. ‘‘अक्षर तमिळ आहे,’’ ते म्हणाले, ‘‘भाषा तमिळ नाही.’’

‘‘तुम्ही फक्त मोठ्याने वाचा,’’ मी म्हणालो.

ते वाचू लागले. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारींना एकच अक्षर असते; तसेच प, फ, ब, भ यांनाही. त्यामुळे ‘बाळा’चे ‘पाळा’ झाले आणि ‘बरी’चे ‘परी’. सुरुवातीला मला काही लागेना. मग कान बसला. अक्का बऱ्या होत्या. त्या दिवशी गर्दी पाहून त्या तळ्यावर गेल्याच नव्हत्या. माझे पत्र गाडीतल्या त्या हिंदी शिकणाऱ्या मुलीने वाचून दाखवले होते. ‘तिला काही कळलं नाही, मला सगळं कळलं,’ असे त्यांनी लिहिले होते. येथे, त्या दुकानात, नेमके तेच पुन्हा घडत होते. शेवटची ओळ वाचताना दुकानदार थांबले. ‘‘करी ये,’’ त्यांनी दोनदा वाचले. ‘‘करी म्हणजे आमच्यात कोळसा. कोळसा कशाला पाहिजे त्यांना?’’

मीही क्षणभर अडलो. मग समजले. ‘घरी ये.’

मी घरी गेलो नाही. दोन-तीन वर्षे पत्रे चालली. तिकडे ती मुलगी, इकडे ते दुकानदार. पुढे दुकानदार वारले, माझी बदली झाली, कामे वाढली. पत्रे थांबली, ती माझ्याकडून. १९९८ मध्ये माझ्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली. तिची मुद्रिते तपासताना मी त्या वाक्याशी आलो. ते चुकीचे आहे हे मला ठाऊक होते. पण परीक्षकांनी तेच वाक्य उद्धृत केले होते, आणि दुरुस्ती म्हणजे कबुली. मी एक स्वल्पविराम सुधारला आणि पुढचे पान घेतले. आजही एखाद्या तरुण अभ्यासकाच्या प्रबंधात ते वाक्य अवतरणचिन्हांत, माझ्या नावानिशी मला भेटते. विद्यार्थ्यांना पाठ ताडून पाहण्याची शिस्त ज्याने आयुष्यभर शिकवली, त्याने आपलाच पाठ दुरुस्त केला नाही, एवढीच या निबंधाची हकिकत आहे.

निवृत्तीनंतर मी तमिळ लिपी शिकलो. उशीर झाला होता हे खरे. पण लिपी महिन्या-दीड महिन्याची गोष्ट, आणि तेवढाच वेळ मला तीस वर्षे मिळाला नव्हता. मग एकदा कुंभकोणमला गेलो. लोहमार्ग केव्हाच रुंद झाला आहे. विळुप्पुरम् ते मयिलाडुतुरै हा टप्पाही २०१० मध्ये पुरा झाल्यापासून चेन्नईची गाडी पुन्हा या मार्गाने धावते. वर विजेच्या तारा आल्या आहेत. लाकडी बाके गेली. कार्डावरचा पत्ता वाचत मी एका गल्लीत पोचलो. घरात दुसरे बिऱ्हाड होते. शेजारच्या बाईंनी मोडक्या इंग्रजीत सांगितले की अक्का काही वर्षांपूर्वी गेल्या आणि मुले चेन्नईला असतात. मी उंबऱ्याबाहेरच उभा होतो. तेथूनच परत फिरलो.

तंजावरच्या सकाळच्या गाडीला अवकाश होता. मी फलाटाच्या टोकाला पाटीखाली उभा राहिलो आणि वरची ओळ एकेक अक्षर लावून वाचली. कु, म्, प, को, ण, म्. ‘भ’ तेथे नाही. तो वाचणाऱ्याने आपला आपण उच्चारायचा असतो, आणि तेथले शाळकरी पोरही तो वर्ग बरोबर ओळखते. खिशातले जुने कार्ड काढून मी शेवटची ओळ वाचली. या वेळी मी कोठेही अडलो नाही. मग गाडी आली, आणि नेहमीची माणसे आपापल्या जागी जाऊन बसली.